कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध सरकारी आकडे कसे वापरायचे

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मारली. त्यानंतर दोनच वर्षांत अमेरिकेने स्वतःच्या नागरिकांसाठी एक कायदा केला: कारखान्यांनी कोणते विषारी द्रव्य किती प्रमाणात हवेत, पाण्यात आणि जमिनीत सोडले याचा आकडा दरवर्षी सरकारला द्यायचा आणि सरकारने तो लोकांसमोर ठेवायचा. १९८९ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर कोळंबी पकडणाऱ्या डायेन विल्सन यांनी वर्तमानपत्रात या यादीची बातमी वाचली. विषारी कचऱ्याच्या बाबतीत आपला छोटासा जिल्हा देशात आघाडीवर आहे, हे त्यांना तेव्हा कळले. पुढे त्यांनी आणि सोबतच्या लोकांनी फॉर्मोसा प्लास्टिक्स या कंपनीने पाण्यात सोडलेल्या प्लास्टिकच्या बारीक गोळ्यांचे दोन हजारांहून जास्त नमुने तारीखवार गोळा केले आणि कंपनीच्या परवान्यातल्या अटींसमोर ठेवले. २०१९ मध्ये कंपनीला ५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली.

भोपाळ आपले, पण तशी एकत्रित यादी आपल्याकडे आजही नाही. आहेत ते तुकडे. एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, एक एमआयडीसीच्या पाणीपुरवठा विभागात, एक केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, एक घातक कचरा पुरणाऱ्या केंद्राच्या नोंदवहीत. प्रत्येक तुकडा कारखान्याने स्वतः लिहून दिलेला किंवा सरकारी अधिकाऱ्याने सही केलेला असतो. कारखान्याबद्दल तुम्ही काय म्हणता याला कार्यालयात फारशी किंमत मिळत नाही. त्याच कारखान्याचे दोन कागद एकमेकांशी का जुळत नाहीत, या प्रश्नाला मात्र उत्तर द्यावेच लागते. हा लेख त्या दोन कागदांपर्यंत कसे पोहोचायचे त्याबद्दल आहे. उदाहरणे पाण्याची जास्त आहेत, कारण लोटे, महाड, तळोजा, तारापूर, कुरकुंभ अशा ठिकाणच्या बहुतेक तक्रारी नाल्यापासून सुरू होतात.

आधी प्रश्न लहान करा

‘एमआयडीसीमुळे नदी मेली’ हे खरे असले तरी त्यावर कोणताही अधिकारी कारवाई करू शकत नाही. ‘अमुक प्लॉटमागच्या नाल्यात पावसाळ्यात रात्री लाल पाणी येते’ यावर करू शकतो. म्हणून एक नाला, एक मुख किंवा एक धुराडे निवडा. नाला जिथे औद्योगिक क्षेत्रात शिरतो आणि जिथून बाहेर पडतो ती दोन ठिकाणे नकाशावर अक्षांश-रेखांशासह टिपा. त्या दोन ठिकाणांच्या मधले सगळे प्लॉट, कारखान्यांची नावे आणि त्यांची उत्पादने एका तक्त्यात उतरवा. सीईटीपी म्हणजे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र, त्याची वाहिनी कुठून जाते, चेंबर कुठे आहेत आणि कुठले चेंबर वारंवार भरून वाहते, हेही त्याच नकाशावर हवे. एमआयडीसीत काम करणाऱ्या गावातल्या पोरांना यातले बरेच माहीत असते.

त्याच दिवशी एक वही सुरू करा. तारीख, वेळ, ठिकाण, रंग, वास, मेलेले मासे, पाऊस होता की नाही, खाडी असेल तर भरती की ओहोटी, फोटोचा क्रमांक. ‘खूप’, ‘भयंकर’ हे शब्द वहीत नकोत. ही वही पुढे किती कामाची ठरते ते खाली येईलच.

घरबसल्या काय मिळते

मंडळाच्या संकेतस्थळावर कारखान्यांना दिलेली संमतीपत्रे, म्हणजे कारखाना कोणत्या अटींवर चालवायचा आणि किती सांडपाणी सोडायचे याचे परवाने, आणि संमती समितीच्या बैठकांची इतिवृत्ते सापडतात. इतिवृत्ते जरूर वाचा. एखाद्याचा अर्ज का अडवला, अटी पाळण्याची हमी म्हणून दिलेली कुणाची बँक गॅरंटी जप्त करायचे ठरले, असे तपशील तिथे असतात आणि अंतिम संमतीपत्रात ते दिसतीलच असे नाही.

मोठ्या प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते. ती परिवेश या केंद्रीय संकेतस्थळावर असते. मंजुरीसोबत आघात मूल्यांकनाचा अहवाल मिळाला तर तो आधी उतरवून ठेवा. प्रक्रियेच्या आकृत्या, कच्च्या मालाची यादी आणि पाण्याचा ताळेबंद अहवालात असतो, आणि मंजुरी हवी असताना कंपनीने तो मनापासून लिहिलेला असतो. मंजुरीच्या अटी पाळल्याचा सहामाही अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तोही मागा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे दोन अहवाल संदर्भ म्हणून जवळ ठेवा. पहिला औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषण निर्देशांकाचा. त्यात ७० च्या वर गुण म्हणजे ‘अतिगंभीर’. २०१८ च्या मोजणीत तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर होते. दुसरा प्रदूषित नदीपट्ट्यांचा. २०२२ च्या अहवालात देशभरातल्या ३११ पट्ट्यांपैकी ५५ महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. आपली नदी त्या यादीत असेल तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत ते लिहा.

अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना आणि सीईटीपींना सांडपाणी व धूर मोजणारी स्वयंचलित यंत्रे बसवावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात हे आकडे मंडळाच्या संकेतस्थळावर लोकांना दिसतील अशी सोय करायला सांगितले आहे. आकडे दिसत नसतील तर त्या निकालाचा दाखला देऊन मागता येतात. या यंत्रांचे आलेख पाहताना मर्यादा ओलांडलेला आकडा शोधत बसू नका, तो क्वचित दिसतो. सरळ रेषा शोधा. जिवंत कारखान्याचे सांडपाणी तासातासाला बदलते. चार दिवस सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या प्राणवायूचे माप) एकाच आकड्यावर उभा असेल, किंवा रोज रात्री ठरावीक वेळी नोंद तुटत असेल, तर प्रश्न तिथे आहे.

कारखान्याच्या फाटकावरचा फलकही विसरू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशानुसार घातक रसायने, सांडपाणी, धूर आणि घातक कचरा यांचे आकडे मुख्य प्रवेशद्वाराबाहेर लावायचे असतात. रस्त्यावर उभे राहून त्याचा फोटो घ्या. फलक कोरा असेल तर कोऱ्या फलकाचा घ्या.

संमतीपत्र वाचायला शिका

सगळ्या कामाचा पाया हा कागद आहे. मंडळाचे, म्हणजे एमपीसीबीचे, संमतीपत्र पहिल्यांदा हातात आले की इंग्रजी अटींच्या गर्दीत माणूस गोंधळतो. शांतपणे पाचच गोष्टी शोधा.

मुदत आधी बघा. संपलेल्या मुदतीवर कारखाना चालू असेल तर नूतनीकरणाचा अर्ज केव्हा केला ते विचारायचे. मग उत्पादनांची यादी आणि प्रत्येकाचे कमाल प्रमाण. यादीत नसलेले उत्पादन निघत असेल तर तो स्वतंत्र भंग आहे, आणि कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची उत्पादनयादी इथे उपयोगी पडते. तिसरा, सांडपाण्याचा तक्ता: किती सीएमडी, म्हणजे दिवसाला किती घनमीटर, आणि ते कुठे जायचे. सीईटीपीला, समुद्रात, बागेला, की ‘शून्य विसर्ग’. शून्य विसर्गाची अट असलेल्या कारखान्यामागे ओला नाला दिसला तर पुढचे अर्धे काम झाले. चौथा, घातक कचऱ्याचा तक्ता: कोणत्या प्रकारचा, वर्षाला किती, कुणाकडे द्यायचा.

पाचवी गोष्ट मागच्या पानांत असते. शेड्यूल एकमध्ये पाणीवापराचा चार ओळींचा तक्ता असतो: थंड करण्यासाठी व बॉयलरसाठी, घरगुती वापरासाठी, आणि प्रक्रियेसाठी दोन ओळी, एक सहज कुजणाऱ्या सांडपाण्याची आणि एक न कुजणाऱ्या विषारी सांडपाण्याची. रसायन कारखान्याने चौथ्या ओळीत शून्य लिहिले असेल तर तिथे खूण करा. शेड्यूल दोनमध्ये धुराड्यांची उंची व इंधन, आणि शेड्यूल तीनमध्ये बँक गॅरंट्या. कोणत्या अटीसाठी गॅरंटी घेतली आहे यावरून मंडळाला स्वतःला कशाची खात्री वाटत नव्हती ते कळते.

मर्यादांचे आकडे संमतीपत्रात असतात तेच त्या कारखान्याला लागू. तरी जमिनीवरच्या जलप्रवाहात सोडायच्या पाण्याचे सर्वसाधारण मानक तोंडपाठ असावे: सामू (पीएच) ५.५ ते ९, बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा प्राणवायू) ३०, सीओडी २५०, तरंगते घन कण १००, तेल व ग्रीस १०, अमोनियाकल नायट्रोजन ५०. सामू सोडून सगळे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. समुद्रात सोडताना बीओडीला १०० पर्यंत सूट आहे, म्हणून विसर्ग खाडीत की समुद्रात हा वाद वरवरचा नसतो.

कागद कागदासमोर ठेवा

मला विचाराल तर खरी लढाई इथे जिंकली जाते. बाकीच्या पायऱ्या इथपर्यंत येण्यासाठी आहेत.

समजा, एका कारखान्याच्या संमतीपत्रात एकूण पाणीवापर १२० सीएमडी आणि औद्योगिक सांडपाणी ४५ सीएमडी आहे. एमआयडीसीकडून माहितीच्या अधिकारात त्या प्लॉटच्या वर्षभराच्या पाणीबिलांची माहिती मागवली, तर महिन्याला सरासरी ७,८०० घनमीटर दिसतात. कामाचे दिवस २६ धरले तर दिवसाला ३०० घनमीटर. संमतीपत्रातल्यापेक्षा १८० जास्त. ते गेले कुठे? लगेच आरोप करू नका. आधी कारखान्याच्या बाजूने उत्तरे शोधा: कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन जाणारे पाणी, मालातच मिसळलेले पाणी, मध्ये मंजूर झालेला विस्तार, एकाच जोडणीवर चालणारा शेजारचा दुसरा प्लॉट. ही सगळी उत्तरे तपासूनही फरक उरला, तर तो उरलेला आकडा घेऊन मंडळाकडे जायचे. असे केलेले काम सुनावणीत टिकते.

हाच आकडा तिसऱ्या कागदाला लावा. प्रत्येक संमतीधारकाने मार्चअखेरच्या वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच, ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यायचे असते. त्यात पाणी, कच्चा माल आणि बाहेर टाकलेले प्रदूषक असे सगळे येते. बिलात ३०० आणि फॉर्म पाचमध्ये ११० असेल, तर दोन्ही कागद खरे असणे अवघड आहे. चौथा कागद सीईटीपीचा: प्रत्येक सभासदाकडून किती पाणी आले याची नोंद केंद्राकडे असते, कारण त्यावरच आकारणी होते.

गाळाचा हिशेब मला याहूनही बोलका वाटतो. ४५ सीएमडी सांडपाण्यात कच्च्या अवस्थेत तरंगते घन कण लिटरला १,००० मिलिग्रॅम असतील आणि ते १०० वर आणले जात असतील, तर दिवसाला सुमारे ४० किलो कोरडा गाळ निघायलाच हवा. ३०० दिवसांत १२ टन. प्रक्रियेत घातलेला चुना आणि तुरटी धरली, वर गाळातले पाणी धरले, तर वजन आणखी वाढते. आता घातक कचऱ्याचे वार्षिक विवरणपत्र, म्हणजे ३० जूनपर्यंत द्यायचा फॉर्म चार, उघडा. त्यात ईटीपीचा, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा, गाळ वर्षाला एक टन लिहिला असेल, तर दोनच शक्यता: ईटीपी नीट चालत नाही, किंवा गाळ दुसरीकडे जातो. कचरा ज्या वाहनाने गेला त्याचे मॅनिफेस्ट म्हणजे फॉर्म दहा, आणि तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या केंद्रात त्याचे वजन झाल्याची नोंद, हे दोन्ही ताडून पाहा. घाटात किंवा जंगलात रात्री रिकामे होणारे टँकर याच फटीतून निघतात.

आणखी एक साधी तुलना विजेची आहे. बऱ्याच संमतीपत्रांत ईटीपीला स्वतंत्र वीजमीटर लावून नोंद ठेवायची अट असते. हवा मारणारे पंप दिवसरात्र चालवायचे तर युनिटे जळणारच. नोंदवहीत महिन्याचे युनिट तुटपुंजे असतील तर पंप किती तास चालला ते आपोआप निघते.

हे सगळे एका कोष्टकात भरा. आडव्या ओळीत वर्ष, उभ्या रकान्यांत संमतीपत्र, पाणीबिल, फॉर्म पाच, फॉर्म चार, सीईटीपी आणि मंडळाच्या नमुन्यांचे निकाल. प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या कागदाच्या कितव्या पानावरून घेतला हे लिहा. एककांवर लक्ष असू द्या. टन महिन्याला की वर्षाला, घनमीटर दिवसाला की महिन्याला, यात घोळ झाला तर समोरचा वकील बाकीच्या पन्नास खऱ्या आकड्यांवरही शंका घेईल.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. ही मर्यादा आपल्या फायद्याची समजा. ‘प्रदूषणाबाबत केलेल्या कारवाईची संपूर्ण माहिती द्यावी’ अशा अर्जाला ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेले. कागदाचे नाव घेऊन मागा. उदाहरणार्थ, मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांना:

‘मौजे … येथील एमआयडीसी प्लॉट क्र. … वरील कारखान्याबाबत १ एप्रिल २०२२ ते आजपर्यंतच्या कालावधीतील पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात: १) चालू संमतीपत्र व नूतनीकरणाचा अर्ज. २) क्षेत्र अधिकाऱ्यांचे भेट अहवाल. ३) जेव्हीएस नमुन्यांचे विश्लेषण अहवाल. ४) फॉर्म चार व फॉर्म पाच. ५) कारणे दाखवा नोटिसा, प्रस्तावित, अंतरिम व बंदचे निर्देश, आणि त्यांवरील उत्तरे. प्रती देण्यापूर्वी मला या कारखान्याच्या फाइलचे प्रत्यक्ष निरीक्षण करावयाचे आहे. दिनांक व वेळ कळवावी.’

शेवटचे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे. फाइल समोर बसून पाहण्याचा हक्क कायद्याच्या कलम २(ञ) मध्येच आहे. फाइलमध्ये टिप्पणीची पाने असतात, गावकऱ्यांच्या जुन्या तक्रारी असतात, आणि ज्यांची नावेही आपल्याला माहीत नसतात असे कागद असतात. दोघे जा, एकाने पाने चाळायची, दुसऱ्याने जावक क्रमांक आणि तारखा लिहायच्या. जेव्हीएस म्हणजे मंडळाचे अधिकारी कारखान्यात जाऊन घेतात तो संयुक्त दक्षता नमुना. त्याच्या निकालांची तीन-चार वर्षांची रांग लावली की कारखान्याचा स्वभाव कळतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर त्यांनी ५ दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. नकार आला किंवा काहीच आले नाही तर ३० दिवसांत प्रथम अपील, नंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगात वेळ लागतो, म्हणून प्रथम अपिलावरच जोर द्या: सुनावणीला हजर राहा, मागितलेल्या कागदांची यादी छापून न्या आणि प्रत्येकासमोर ‘मिळाला’, ‘नाही’ असे लिहून अपिलीय अधिकाऱ्यांसमोर ठेवा. ‘व्यापारी गुपित’ म्हणून कलम ८(१)(घ) पुढे केले तर सांगा की कंपनी माल कसा बनवते ते मी विचारलेले नाही, नाल्यात काय सोडते ते विचारले आहे, आणि जनहित मोठे असेल तर माहिती द्यावीच असे त्याच कलमात लिहिले आहे.

एक वाट फारशी वापरली जात नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २५(६) प्रमाणे मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची असते, आणि त्या विसर्गाची झळ पोहोचणाऱ्या कुणालाही ती पाहता येते. कलमाचा उल्लेख करून साधे पत्र द्या. माहिती अधिकाराची मुदत संपण्याची वाट बघत बसावे लागणार नाही.

नदीचे आणि खाडीचे आकडे

मंडळ नदी, खाडी आणि समुद्रावरच्या ठरावीक केंद्रांवर नियमित नमुने घेते आणि निकाल जाहीर करते. आपल्या नाल्याच्या वरचे आणि खालचे केंद्र शोधा; एकट्या केंद्राच्या आकड्यातून काही सिद्ध होत नाही. वर विरघळलेला प्राणवायू ६ आणि खाली २ असेल तर मधल्या पट्ट्यात काहीतरी घडते आहे.

कारखानदारांचे नेहमीचे उत्तर असते: ‘हे गावाचे, नगरपालिकेचे सांडपाणी आहे.’ पुष्कळदा ते काही अंशी खरेही असते. याचा निवाडा बीओडी आणि सीओडीच्या गुणोत्तरातून बराचसा होतो. घरगुती मैलापाण्यात बीओडी हा सीओडीच्या साधारण ०.४ ते ०.६ पट असतो. सीओडी ६०० आणि बीओडी ७० असे आले तर त्या पाण्यात जिवाणूंना न पचणारे बरेच काही आहे, आणि ते स्वयंपाकघरातून येत नाही. त्याच वेळी विष्ठेतल्या जिवाणूंचा आकडाही पाहा; तो कमी आणि सीओडी जास्त असेल तर मुद्दा अधिक पक्का.

खाडीत दोन गोष्टींचे भान हवे. ओहोटीच्या अखेरीस घेतलेला नमुना आणि भरतीचा नमुना यांची तुलना करता येत नाही, म्हणून भरतीचे वेळापत्रक कोष्टकात हवे. आणि खाऱ्या पाण्यातले क्लोराइड सीओडीच्या चाचणीत अडथळा आणते. प्रयोगशाळेने त्याची काळजी घेतली होती का हे अहवाल वापरण्याआधी विचारून घ्या, नाहीतर तो प्रश्न समोरचा विचारेल. अहवालात ‘बीडीएल’ लिहिले असेल तर त्याचा अर्थ शून्य नव्हे; यंत्राची मोजण्याची किमान पातळी किती होती ते विचारा.

मच्छीमार सहकारी संस्थांच्या दप्तरातली जुनी मासळीची नोंदही आकडाच आहे. कुठली मासळी कोणत्या वर्षापासून येईनाशी झाली हे विक्रीच्या पावत्यांत सापडते.

उपग्रह

युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रे २०१५ पासून मोफत मिळतात, आता दर पाच दिवसांनी, १० मीटरच्या बारकाव्याने. कोपर्निकस ब्राउझरमध्ये आपले ठिकाण उघडा आणि तारखा मागे न्या. राखेचे तळे किती वाढले, कुंपणाबाहेर कचऱ्याचा ढीग कधी आला, खाडीच्या तोंडाशी रंगाचा पट्टा कोणत्या दिवशी दिसला, हे पुराव्यासह दाखवता येते. चंद्रपूरसारख्या वीजकेंद्रांच्या भागात राखेसाठी हे फार उपयोगी आहे. पावसाळ्यात ढगांमुळे चित्रे मिळत नाहीत. एका कारखान्याच्या धुरासाठी उपग्रहावर विसंबू नका. वायू मोजणाऱ्या उपग्रहांचा एक ठिपकाच काही किलोमीटरचा असतो.

स्वतःचा नमुना घ्यावा का?

घ्यावा, पण कशासाठी ते ओळखून. न्यायालयात कारखान्याविरुद्ध थेट वापरायचा नमुना जल कायद्याच्या कलम २१ च्या पद्धतीने मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो: कारखानदाराला नोटीस, नमुन्याचे दोन भाग, सील आणि सह्या. तुमच्या नमुन्याचा उपयोग मंडळाला हलवण्यासाठी आणि पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला स्वतंत्र तपासणी का हवी हे पटवण्यासाठी.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची असावी, आणि जी चाचणी हवी त्या चाचणीसाठी तिला मान्यता असावी. बाटल्या त्यांच्याकडूनच घ्या. बीओडीचा नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवा. जड धातूंच्या बाटलीत प्रयोगशाळा आम्ल घालून देते. ती विसळू नका. सामू आणि क्षारांचे प्रमाण हातातल्या मीटरने जागेवरच मोजा. नमुना सार्वजनिक ठिकाणाहून, दोन साक्षीदारांसमोर, सलग व्हिडिओत घ्या. कुंपण ओलांडू नका. चेंबरमध्ये कधीही उतरू नका. आतल्या वायूने क्षणात जीव जातो.

प्रत्येक दिवसाची नोंद का हवी

केंद्रीय मंडळाने पर्यावरणीय भरपाई मोजण्यासाठी सूत्र दिले आहे: प्रदूषण निर्देशांक, भंगाचे दिवस, रुपयांचा घटक, उद्योगाचा आकार आणि ठिकाण या पाचांचा गुणाकार. लाल प्रवर्गाचा, म्हणजे सर्वांत प्रदूषणकारी उद्योगांचा, निर्देशांक ८०, रुपयांचा घटक सर्वसाधारणपणे २५०, मोठ्या उद्योगासाठी १.५ आणि लहान वस्तीच्या ठिकाणासाठी १ धरला तर दिवसाला ३०,००० रुपये होतात. यातले चार आकडे जवळजवळ ठरलेले असतात. खरा वाद दिवसांच्या संख्येवर होतो. मंडळाच्या नमुन्यांच्या तारखा, स्वयंचलित यंत्राच्या नोंदी आणि तुमची वही मिळून दिवस ठरतात. मंडळाच्या भेटी महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने होतात. मधली पोकळी तुमची वहीच भरते.

भरपाई आणि प्रदूषण यांचा संबंध आकड्यांनी जोडणे का गरजेचे आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालावरून कळते. महाराष्ट्रातल्या एका रसायन कंपनीला हरित न्यायाधिकरणाने उलाढालीच्या आधारे लावलेला २५ कोटींचा दंड न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केला. उलाढालीचा आणि प्रदूषणाचा संबंध नाही, असे न्यायालय म्हणाले. कंपनी किती श्रीमंत आहे एवढ्यावरच अर्ज उभा करू नका. किती दिवस, किती घनमीटर, मर्यादेच्या किती पट, हे लिहा.

तक्रार, आणि मग न्यायाधिकरण

तक्रार एका पानाची असावी. वर ठिकाण आणि कालावधी, मग कोष्टकातल्या तीन ठळक विसंगती, प्रत्येकीपुढे जोडपत्राचा क्रमांक, आणि शेवटी नेमकी मागणी: अमुक ठिकाणी रात्रीची अचानक तपासणी, पाण्याच्या ताळेबंदाची पडताळणी, गाळाच्या मॅनिफेस्टची तपासणी. प्रत उपप्रादेशिक आणि प्रादेशिक अधिकारी, मंडळाचे सदस्य सचिव, जिल्हाधिकारी आणि केंद्रीय मंडळाच्या पुण्यातल्या प्रादेशिक संचालनालयाला. आवक शिक्का घ्या. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडला तर तक्रार एका माणसाची राहत नाही. जल कायद्याच्या कलम ४९ खाली ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला स्वतः न्यायालयात जाता येते. तशी तक्रार दाखल झाल्यावर मंडळाने आपल्याकडचे संबंधित अहवाल मागणाऱ्याला द्यायचे असतात.

हालचाल झाली नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. भरपाई न मागणाऱ्या अर्जाचे शुल्क १,००० रुपये आणि स्वतः उभे राहून बाजू मांडता येते. मुदती मात्र कडक आहेत: कलम १४ खाली वादाचे कारण घडल्यापासून ६ महिने, भरपाई आणि पुनर्स्थापनेसाठी कलम १५ खाली ५ वर्षे, आणि पर्यावरण मंजुरीविरुद्धच्या अपिलाला अवघे ३० दिवस. प्रत्येकात सबळ कारण दाखवून ६० दिवसांची सवलत मिळू शकते. म्हणून परिवेशवर आपल्या तालुक्याची मंजुरी आली का हे दर आठवड्याला बघणारा एक माणूस गटात असावाच.

तारापूरचा खटला या वाटेने गेला आहे. किनाऱ्यावरच्या मांगेला मच्छीमारांच्या परिषदेने २०१६ मध्ये न्यायाधिकरणाचे दार ठोठावले. सीईटीपीची क्षमता २५ एमएलडी, म्हणजे दिवसाला अडीच कोटी लिटर, आणि येणारे पाणी त्याहून जास्त, ही विसंगती प्रकरणाच्या मध्यभागी होती. न्यायाधिकरणाने तज्ज्ञ समिती नेमली. २०२० मध्ये समितीने केंद्र आणि शंभराहून अधिक कारखाने मिळून सुमारे १६० कोटी रुपयांचे नुकसान काढले. मासेमारी करणाऱ्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: क्षमता इतकी, आवक इतकी, मग उरलेले पाणी आमच्या किनाऱ्यावर नाही तर कुठे गेले?

एकट्याने नको

छत्तीसगडच्या रायगडमध्ये लहानसे इंटरनेट कॅफे चालवणाऱ्या रमेश अग्रवाल यांनी माहितीच्या अधिकारातून आणि जनसुनावण्यांतून कोळसा खाणीविरुद्ध कागद जमवले. २०१२ मध्ये त्या खाणीची पर्यावरण मंजुरी न्यायाधिकरणाने रद्द केली, आणि त्याच वर्षी घरात शिरून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले, २०१४ मध्ये त्यांना गोल्डमन पुरस्कार मिळाला. म्हणून अर्ज वेगवेगळ्या तीन-चार नावांनी, शक्यतो वेगवेगळ्या गावांतून करा. कागदांच्या प्रती किमान तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक तालुक्याबाहेर. धमकी आली तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी द्या.

कामगारांची नावे कुठेही येऊ देऊ नका. आतून माहिती देणारा माणूस बहुतेक कंत्राटी असतो आणि त्याचे घर त्या पगारावर चालते. त्याने सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी वापरायची नाही. तिच्यावरून कोणता कागद मागायचा ते ठरवायचे आणि पुरावा म्हणून कागदच पुढे करायचा. दवाखान्यातल्या नोंदी मागतानाही रोगवार, महिनावार एकूण आकडेच मागा, रुग्णांची नावे नकोत.

आदेश आल्यानंतर

बंदचा आदेश निघाला की गावात फटाके वाजतात आणि काही आठवड्यांत कारखाना पुन्हा सुरू झालेला दिसतो. म्हणून आदेशाच्या दुसऱ्याच दिवशी पुढचा अर्ज तयार हवा. त्यात मागायचे ते असे: वीज व पाणी तोडण्याबाबत महावितरण आणि एमआयडीसीला गेलेली पत्रे, त्यांवर प्रत्यक्ष तोडल्याचा अहवाल, पुन्हा सुरू करण्याचे निर्देश कोणत्या अटींवर निघाले तो कागद, त्याआधी झालेल्या तपासणीचा नमुना अहवाल, बँक गॅरंटी जप्त झाल्याची बँकेची पावती, आणि भरपाईची रक्कम जमा झाली असल्यास ती कोणत्या कामावर खर्च होणार त्याचा आराखडा. न्यायाधिकरणाचा आदेश असेल तर पालन अहवालाची तारीख आदेशातच दिलेली असते. ती वहीत लिहा, आणि त्या तारखेला अहवाल आला नाही तर अंमलबजावणीचा अर्ज दाखल करा.